कर्ण्याची तार

"गुंड्या, लांब बस. कशाला बी हात लावलास तर बोटं छाटीन!"

बाळासो हे गुंडूला बोलला, पण ऐकू गेलं निम्म्या मंगळवार पेठेला. हल्ली त्याचं असंच. डावा कान कधीच गेला होता, उजवाही चालला होता. दिवाळीपर्यंत टिकला तर नशीब, असं डॉक्टर म्हणाला होता. म्हणून तर मागच्या खोलीत हा उद्योग. लग्नात, जत्रेत वाजवलेलं काचेच्या वॉल्व्हचं जुनं लाऊडस्पीकरचं मशीन बाळासोनं माळ्यावरून खाली काढलं होतं. कान बंद व्हायच्या आत त्याचा आवाज एकदा ऐकायचा, एवढंच त्याचं मागणं होतं.

गुंडू सायकलवाला पोत्यावर बसला, गुमान. गुमान बसणं मात्र त्याला जन्मात जमलं नव्हतं. बाळासोच्या माईकवर तर त्याचा पहिल्यापासून डोळा. एकदा भर लग्नात त्यानं चिठ्ठी सरकवली आणि बाळासोनं ती आधी न बघताच खणखणीत वाचली, "नवरदेवाच्या मामांनी ताबडतोब मांडवामागं यावं, आपली म्हैस आलेली आहे." आणि मामा गेले की! पुढं ट्रान्झिस्टरचं मशीन आलं, तशी गुंडूची नवी खोडी सुरू झाली. ऐन घोषणेत कर्ण्याची तार उपसायची. आवाज गप. मग बाळासो माईक टाकून बोंबलायचा, "तार लाव, भाड्या!" आणि वऱ्हाड हसून लोळायचं.

"ट्रान्सफॉर्मर बसला?" गुंडूनं त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"बसला की! मलकापूरच्या म्हाताऱ्यानं हातानं गुंडाळून दिला. म्हणला, बाळासो, ह्यो माझा शेवटचा." बाळासो सोल्डर फुंकत राहिला. "गेला बिचारा गेल्या म्हैन्यात. आता असलं गुंडाळणारं कोण न्हाय."

शालूबाईनं चहा आणून ठेवला. नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "गुंडूभावजी, जेवाय बी उठत न्हाईत वो. हसणं तर इसरलंच. आणि मशीन लागलं, पर ह्यास्नी आलंच न्हाय ऐकू, तर?"

"येतंय वैनी. न यायला काय झालं!"

ती दळण आणायला बाहेर पडली. बाळासोनं बटण दाबलं. वॉल्व्हच्या पोटात निखाऱ्यागत तांबडं उजळलं.

"तापू दे जरा," तो म्हणाला. माईक त्यानं उचलला, पुसला, परत खाली ठेवला.

ते गुंडूला बघवेना. आणि काही बघवेनासं झालं की या माणसाला एकच औषध ठाऊक. लघवीला जातो म्हणून तो घरामागच्या परड्यात गेला. भिंतीवर कर्णा ठेवला होता, त्याची तार त्यानं उपसली आणि देवळातून आल्यासारखा चेहरा करून परत येऊन बसला. आता आवाज न्हाय म्हटल्यावर शिवी हासडणार, मग हसणार. गडी माणसात येणार.

"हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग."

काही नाही. बाळासोनं उजवा कान परड्याकडं केला. आवाजाचं बटण वाढवलं.

"हॅलो!"

गुंडूनं ओठ दाताखाली धरला.

"गुंड्या, येतोय न्हवं आवाज?"

"लई झ्याक येतोय!"

शिवी आली नाही. बाळासो त्याच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं बटण पार शेवटाला नेलं, माईक ओठाला लावला आणि जीव खाऊन ओरडला. परत कान परड्याकडं. परत ओरडला.

"तुला येतोय," तो पुटपुटला. "मला न्हाय."

गुंडू पोत्यावरनं उठला. तो परड्यात धावला. तार कर्ण्यापर्यंत न्यायच्या आत खोलीतून चटचट आवाज आला. मागं वळून बघतो तर एका वॉल्व्हच्या बुडाशी निळी ठिणगी नाचत होती आणि ट्रान्सफॉर्मरमधून जळक्या वार्निशचा धूर निघत होता. बाळासोनं पिन उपटली.

दारात उभ्या गुंडूच्या हातात तारेचं टोक तसंच होतं.

"तार काढलीस?"

"थट्टा केली रं! मागं काढत न्हवतो का? कवा काय झालंय?"

"ते ट्रान्झिस्टरचं व्हतं." बाळासो कितीतरी दिवसांनी हळू बोलत होता. "ह्याला कर्ण्याबिगर वाजवलं की आवाज भाईर जात न्हाय. आतच मशीन जाळतो."

गुंडू त्याच्या पायाशी बसला. "आपण करू की दुसरा ट्रान्सफॉर्मर. पुण्याला जाऊ. मी जातो."

बाळासोनं उजव्या कानाला हात लावला. म्हणाला, "म्हंजे तार न्हवती म्हणून. कान हाय अजून."

शालूबाई दळणाचा डबा काखेत घेऊन आली. दारातच थबकून मोठ्यानं म्हणाली, "कसला वो ह्यो वास? आलं का ऐकू?"

गुंडूनं तोंड उघडलं, पण बाळासो आधी बोलला. "तार सुटली व्हती कर्ण्याची. माझंच ध्यान न्हवतं."

ती डबा तिथंच ठेवून खिडकी उघडायला गेली.

बाळासोनं टॉवेलात धरून वॉल्व्ह एकेक करून उपसले. चिंधीत गुंडाळून खोक्यात ठेवले. शेवटच्याला चिंधी पुरली नाही, तो त्यानं गुंडूपुढं केला.

"धर. गरम हाय."

तळहात चटकत होता. गुंडूनं मूठ सोडली नाही. काच हळूहळू कोमट झाली, मग हाताएवढीच ऊन राहिली, आणि मग कळेनासं झालं, ऊब तिची की त्याची.