तळमजला

ब्रदर कामावरून परतला तेव्हा त्याची बायको दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेली होती. शेजारी बटाट्यांची पिशवी, एक चप्पल पायात, दुसरी घरंगळून तीन पायऱ्या खाली. दम लागला असेल असं समजून त्यानं चप्पल वर आणली आणि पिशवी उचलायला वाकला. तिनं पिशवीवर हात ठेवला.

"तळमजल्याची जागा आपल्याला मिळत होती म्हणे," ती म्हणाली.

तो पिशवी सोडून सरळ उभा राहिला. मग तिनंच सांगितलं. त्याच्या कामावरच्या जनरेटरवाल्याची बायको बाजारात भेटली होती. तिनं हिचे दोन्ही हात धरून आभार मानले. तुमच्या मिस्टरांनी नको म्हटलं म्हणून आमच्या ह्यांना सुपरवायझरची जागा मिळाली, तळमजल्याचं क्वार्टर मिळालं, मागं छोटं अंगणसुद्धा आहे, असं ती बोलत राहिली. हिला काहीच ठाऊक नाही हे लक्षात आल्यावर मात्र बिचारी ओशाळली आणि भाजी न घेताच निघून गेली.

"कधी विचारलं होतं तुम्हाला?"

"तीन आठवडे झाले."

ती कठड्याला धरून उठली आणि पिशवी स्वतःच घेऊन वर गेली. चौथा मजला, बहात्तर पायऱ्या. लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही, हा विनोद त्या इमारतीत इतका जुना झाला होता की आता त्यावर कुणी हसतही नसे.

ब्रदर हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. एका मोठ्या इस्पितळाच्या सहा लिफ्ट तो सांभाळायचा. बायको त्याच इस्पितळाच्या धुलाईखात्यात फाटक्या चादरी शिवायची. अकरा वर्षांपूर्वी तो लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करत असताना दोर सुटला. केबिन दोन मजले कोसळली आणि मग ब्रेकनं तिला धरलं. चाळीस मिनिटं तो त्या काळोख्या विहिरीत पालथा पडून होता. त्या वेळी आपल्याजवळ कुणीतरी आहे असं त्याला वाटलं. हात लावला नाही, बोललं नाही, पण होतं. बाहेर काढल्यावर सगळे त्याला पाणी पाजत होते आणि त्याला मात्र परत आत जावंसं वाटत होतं.

तेव्हापासून तो त्या जवळिकीच्या मागे होता. आधी त्यानं सिगारेट सोडली, मग चहातली साखर, मग गादी. गादी सोडली तेव्हा आठवडाभर प्रभू अगदी उशाशी असल्यासारखं वाटलं, मग ते हळूहळू विरलं. म्हणून त्यानं मांस सोडलं. मग टीव्ही देऊन टाकला. कामावरची मंडळी त्याला ब्रदर म्हणू लागली, निम्मी चेष्टेनं, निम्मी आदरानं. बायको प्रत्येक वेळी थोडं कुरकुरायची आणि जमवून घ्यायची. टीव्ही गेला तेव्हा ती शेजारणीकडे जाऊन मालिका बघून यायची.

त्या संध्याकाळी तिनं पान वाढलं. नेहमीप्रमाणे त्यानं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. ती संपण्याआधीच त्याला तिच्या जेवणाचा आवाज ऐकू आला. तेवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"तुम्ही साखर सोडलीत, मी काही बोलले नाही," ती खालमानेनं जेवता जेवता म्हणाली. "साखर तुमची होती. गुडघे माझे आहेत. ते देवाला द्यायचे होते तर मला विचारायला हवं होतं."

त्यानं समजावून पाहिलं. साहेबांनी क्वार्टरची किल्ली पुढे केली तेव्हा मन असं धावलं त्या घराकडे की भीतीच वाटली, असं तो म्हणाला. ज्याची एवढी ओढ वाटते तेच सोडायला हवं, असं तेव्हा वाटलं. ती ऐकत होती की नाही ते कळलं नाही. जेवण उरकून ती तेल चोळत बसली. दोन्ही गुडघे सुजून सारखेच गोल झाले होते.

त्यानंतर त्याची प्रार्थना लागेना. पहाटे उठून तो फरशीवर गुडघे टेकायचा आणि त्याला तिचेच गुडघे दिसायचे. दहा दिवसांनी तो चर्चच्या पाळकांकडे गेला. पाळक म्हातारे, एकटे राहणारे. स्वयंपाकघरात उभे राहून ते स्वतःची भांडी विसळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नाही म्हणालास, तेव्हा कसं वाटलं?"

"फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत तसं वाटलं नव्हतं."

"मग घरी जाऊन बायकोला का सांगितलं नाहीस?"

पाळकांनी नळ बंद केला.

"सांगितलं असतं तर जागा घ्यावी लागली असती," ब्रदर म्हणाला.

पाळकांनी उपदेश केला नाही. प्रार्थना करू या असंही म्हणाले नाहीत. त्यांनी त्याच्या हातात फडकं दिलं आणि दोघांनी मिळून भांडी पुसली. उपदेश झाला असता तर बरं झालं असतं, असं त्याला परतताना वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःसाठी काही मागत होता आणि त्याची जीभ अडखळत होती. साहेबांनी शांतपणे सांगितलं की ऑर्डर निघाली आहे, सामानसुद्धा हललं आहे. येताना तो मुद्दाम क्वार्टरवरून आला. खिडक्यांना पडदे लागले होते आणि जनरेटरवाल्याची सासू दारात खुर्ची टाकून ऊन खात होती. तिनं ओळखीचं हसून त्याला आत बोलावलं. काम आहे सांगून तो निघाला.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आता मागायला गेलात होय," आणि दोऱ्याचं टोक सुईत ओवू लागली.

मग इस्पितळाच्या भंगारातून, साहेबांना विचारून, त्यानं जुन्या केबिनच्या फळ्या आणल्या. त्या तासल्या, बिजागऱ्या लावल्या, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर भिंतीत एकेक घडीची बैठक ठोकली. बसायचं तेव्हा खाली पाडायची, एरवी भिंतीला मिटलेली. हे काम त्याच्या संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळात चाललं. त्यात देव जवळ आला असं काही झालं नाही. भुसा नाकात जायचा आणि पाठ दुखायची, एवढंच.

बायकोनं दोन दिवस बैठकीकडे पाहिलंही नाही. उभ्या उभ्या कठड्याला टेकून दम घेतला, पण बसली नाही. पहिल्या मजल्यावरची म्हातारी मात्र येता-जाता तिथं बसू लागली.

रविवारी उपासनेला निघताना दुसऱ्या मजल्यावर बायकोचा गुडघा लचकला. तिनं भिंत धरली, क्षणभर थांबली, मग बैठक खाली पाडून बसली. डोळे मिटून घेतले. दूरवर चर्चची घंटा सुरू झाली, बराच वेळ वाजत राहिली आणि थांबली. आता पहिलं गीत सुरू झालं असेल.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "मला यायला वेळ लागेल. आले तर आले."

त्यानं तिच्या मांडीवरची पर्स आणि बायबल आपल्याकडे घेतलं आणि एक पायरी खाली उतरून उभा राहिला. जिन्याच्या झरोक्यातून ऊन तिच्या सुजलेल्या पायांवर पडलं होतं. ती केव्हा उठेल, खाली जायला निघेल की वर, हे त्यानं विचारलं नाही.