मला तेल पाजू नका

मित्रांनो, मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. आधीच सांगून ठेवते, मी रडगाणं गायला बसलेली नाही. 'म्हातारी झाली, हिचा नेम गेला' असं माझ्या तोंडावर बोललं गेलं. ते खोटं होतं, एवढंच ठणकावून सांगायचं आहे.

ठासणीची म्हणजे तोंडाकडून भरायची. आधी नळीत दारू ओतायची, मग वरून गोळी आत सारायची आणि गजाने दारूवर नीट टेकवायची. दर बाराला पुन्हा पहिल्यापासून. घाईच्या माणसांचं आणि माझं कधी जमलं नाही. माझ्या नळीच्या आत पिळाचे आटे आहेत. त्यांच्यामुळे गोळीला गिरकी मिळते आणि ती सरळ जाते. पण माझी गोळी नळीपेक्षा बारीक, नुसती टाकली तर आत खुळखुळेल. म्हणून तिला प्लॅस्टिकची एक छोटी वाटी लागते. तिचं नाव सॅबो. ही वाटी आट्यांना धरून राहते, गोळीला फिरवते आणि नळीबाहेर पडताच पाकळ्या उघडून गळून पडते. नवरीला बोहल्यापर्यंत आणून बाजूला होणाऱ्या मामासारखं तिचं काम. मामा अडखळला तर नवरी कुठे जाऊन पडेल, सांगता येत नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता लावून मला जहाजात घातलं आणि मी न्यूझीलंडला आले. ऑकलंडच्या दुकानातून मला बेरिल नावाच्या शेतकरीणबाईंनी घेतलं. कैपराकडच्या त्यांच्या टेकड्यांवर मी पुष्कळ शरद ऋतू पाहिले. फ्रीझर भरण्यापुरतं एखादं हरीण, त्याहून जास्त हाव नाही. बेरिल एकच बार टाकायच्या. दुसरा भरून होईपर्यंत हरीण काही थांबत नाही, हे त्यांना माहीत होतं. शेजारीपाजारी माझं कौतुक करत, आणि मलाही ते आवडत असे. का नाही आवडणार?

पुढे बेरिलचे गुडघे गेले. शेत विकून त्या अल्बनीच्या वृद्धाश्रमात आल्या. तिथे जवळच्याच फार्मसीत दमयंती काम करायची. मूळची पुण्याची, पन्नाशीला टेकलेली. बेरिल रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला यायच्या आणि गप्पा मारून जायच्या. एकदा त्यांनी दमयंतीला सहज विचारलं, की तू कुणासाठीही नाही, फक्त स्वतःसाठी असं काय करतेस? दमयंतीने घरी जाऊन आठवून पाहिलं, तर असं एकही काम निघालं नाही. मग बेरिल तिला नेमबाजीच्या क्लबात घेऊन गेल्या. दमयंतीने रीतसर परवाना काढला, गॅरेजमध्ये पोलादी कपाट बसवून घेतलं आणि मी तिची झाले.

तिचा नवरा शिरीष शहरात आयटीत. माणूस मायाळू, पण जिभेला हाड नाही.

"दिवसभर गोळ्या विकून पोट भरत नाही का गं दमे, की रविवारीसुद्धा गोळ्याच?"

"त्या गोळ्या लोकांसाठी असतात. या माझ्यासाठी," ती म्हणाली.

त्याच वर्षी हिवाळ्यात बेरिल गेल्या. शेवटच्या भेटीत त्यांनी दमयंतीचा हात धरून म्हटलं होतं, "हिचं ऐकत जा, डिअर. ही खोटं बोलत नाही." त्यांच्या मागे दमयंतीकडे त्यांची म्हणावी अशी मी एवढीच उरले. आणि सॅबोंचं एक पाकीट, अर्धं संपलेलं.

त्या पाकिटावर आम्ही दोघींनी सुरेख नेम मारले. लागोपाठच्या बारांची भोकं एकमेकांना खेटून पडायची. मग ते पाकीट संपलं आणि कळलं, की तसले सॅबो आता कुणी बनवतच नाही.

नेमकी तेव्हाच खंडेनवमी आली. इकडे ती वसंतात येते, झेंडूऐवजी डॅफोडिल वाहावे लागतात. शिरीषच्या घरची रीत अशी, की त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार पाटावर आलं पाहिजे. तिथे त्याचा लॅपटॉप होता, विळी होती, गवत कापायचं यंत्र होतं, आणि यंदा मधोमध मी. दस्त्यावर हळदकुंकू लागलं. आणि दमयंती नैवेद्य आणायला आत गेली, तेवढ्यात शिरीषने मोठ्या प्रेमाने देवाजवळच्या बाटलीतलं तिळाचं तेल माझ्या नळीत ओतलं. कोरडं हत्यार घरात ठेवू नये, असं त्याचे आण्णा म्हणायचे.

एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण त्या दिवसापासून त्याला माझा लळाच लागला. दमयंती मला साफ करून गॅरेजमधल्या बेसिनवर हाताची काजळी धूत असायची. तिची पाठ वळली, की हा चार थेंब पाजायचा. मग ती येऊन मला कपाटात बंद करायची, आणि साफ केलेलीच आहे म्हणून भरण्याआधी पुन्हा पुसायची नाही. नवऱ्याला एकदाची माझी ओढ लागली म्हणून ती खूश होती. त्याने काय केलं, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही केलंय, असं त्याला वाटतच नव्हतं.

आता ऐका. तेल लागलं की सॅबो आट्यांना धरत नाही, घसरतो. खाली दारूही ओशट होते. पहिला बार डावीकडे, दुसरा खाली, आणि तेल जळत जाईल तसतसा पुढचा आणखीनच कुठेतरी. मी ओरडून सांगत होते. माझी भाषा एकच, भोकांची. पण सॅबो आणि तेल या दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, आणि दमयंतीला त्यातली एकच दिसत होती.

तिने सॅबो बदलून पाहिले. काळे इतके घट्ट, की गजावर अंगाचा भार टाकावा लागे. पिवळे इतके सैल, की मला तिरकं केलं तर गोळी पुढे सरकेल. गोळी आणि दारूमध्ये पोकळी राहणं धोक्याचं, म्हणून ते तिने एकदाही उडवले नाहीत. निळे त्या दोन्हींच्या मधले. पण तेलात काय काळं नि काय निळं, सगळ्यांचा नेम सारखाच वाया.

क्लबात ग्रॅहम नावाचे जुने नेमबाज होते, सगळ्यांवर देखरेख ठेवणारे. माणूस दुष्ट नव्हता. त्यांनी नळीत डोकावून मान हलवली. आटे झिजलेत म्हणाले. पुढच्या रविवारी एक व्यापारी येणार आहे, तो सुट्या भागांसाठी घेईल. दस्ता तेवढा चांगला आहे. तू नवी घे, 'स्वीट ॲज', म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास'.

दस्ता तेवढा चांगला! माझी नळी करवतीखाली जाणार होती आणि माणसं लाकडाचं कौतुक करत होती. मला वाईट वाटलं नाही, मित्रांनो. मला राग आला.

दमयंतीने जड मनाने हो म्हटलं. मग क्लबाचा नियम म्हणून ती पुढे गवतात पडलेलं प्लॅस्टिक गोळा करायला गेली. आपले सॅबो उचलता उचलता ती थबकली. बेरिलचे सॅबो उडाल्यावर कसे चारी बाजूंनी सारखे उमललेले असायचे, ते तिला आठवलं. हे तसे नव्हते. एकाची पाकळी फाटलेली, एक अर्धवट मिटलेला, आणि सगळे चिकट. तिने एक नाकाशी नेला. आयुष्य औषधांच्या वासात काढलेली बाई ती. बंदुकीच्या दारूला विझलेल्या समईचा वास का यावा?

घरी पोचल्यावर चपलासुद्धा न काढता ती शिरीषसमोर उभी राहिली.

"तू हिला तेल पाजतोस?"

"अगं, गंजू नये म्हणून. आण्णा म्हणायचे..."

"आण्णांकडे कोयता होता, शिरीष. हिला नळी आहे. रविवारी हिचे तुकडे होणार आहेत."

शिरीषचा चेहरा पडला. त्याने एवढंच विचारलं, की मग त्याने काय करायचं. दमयंतीचा राग तिथेच निम्मा झाला. तिने त्याच्या हातात सुती फडक्यांचा गठ्ठा दिला. दोघांनी बसून माझी नळी पुसली, फडकं पांढरं निघेपर्यंत. ठेवताना तेलाचं बोट चालतं, पण ते बंदुकीच्या तेलाचं, आणि बार भरण्याआधी तेही पुसून काढायचं. हे तिने त्याला दोनदा सांगितलं. त्याने दोन्ही वेळा मान डोलावली.

रविवारी क्लबात व्यापारी आला, तेव्हा दमयंती मला भरत होती. दारू तीच, गोळी तीच, बदलायचा तो फक्त सॅबो. काळा तिने आधी घेतला. भोकं जवळ आली, पण खेटली नाहीत. उचललेल्या सॅबोच्या पाकळ्या खरवडून निघाल्या होत्या. मग निळा. गजाखाली तो कुरकुरत, पण न अडता, एका दमात खाली गेला. मला कळलं, हाच माझा.

बार झाला. तिने नळी पुसली, पुन्हा तसंच सावकाश भरलं. बार झाला. आणखी एक. ग्रॅहमनी दुर्बिणीला डोळा लावला, तर तिन्ही भोकं एकमेकांना खेटून पडली होती. मग त्यांनी व्यापाऱ्याला सांगितलं, की त्याची फेरी फुकट गेली. आणि दमयंतीकडे वळून, आटे झिजलेत हे आपण उगाच बोललो, असंही म्हणाले. एवढं म्हणायला माणूस मोठाच लागतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी असेल, ज्याला 'आता याच्यात काही राम नाही' म्हणून कोपऱ्यात सारलंय. सुरांत न बोलणारी पेटी असेल, साखळी उतरणारी सायकल असेल, नाहीतर एखादी आजी. फेकायला निघण्याआधी, आणि माया करायला निघण्याआधीसुद्धा, त्यांना काय मानवतं ते पाहा. तुम्हाला द्यायला आवडतं म्हणून ते त्यांना पचतंच असं नाही. माझ्यावर राग कुणाचाच नव्हता, तरी मी करवतीच्या दारात जाऊन आले.

आणि एक पक्कं ध्यानात ठेवा. गोड बोलून कुणी पुन्हा मला चुकीचं काही भरवलं, तर मी पुन्हा चुकेन. दर वेळी चुकेन, ढळढळीत चुकेन, तुमच्या डोळ्यांदेखत. निमूटपणे बरोबर लागणं मला जमणार नाही.