दर तिसरं गिऱ्हाईक

क्षितिजा माझी नात. औषधं घरपोच पाठवणाऱ्या एका कंपनीत लागून तिला तीन महिने होत आले होते. काम पालीच्या आमच्या घरातूनच चालायचं. त्या दिवशी सकाळी तिचे साहेब दिपेश फोनवर म्हणाले, "बारापर्यंत साइट नीट झाली नाही, तर हे काम पुण्याच्या टीमला देतो. तुला कायम करायचं का, तेही मग बघू."

काही गिऱ्हाइकांना साइट उघडताच लाल इशारा येत होता: सर्टिफिकेटची मुदत संपली, पुढे जाऊ नका. सर्टिफिकेट म्हणजे साइटचं ओळखपत्र. क्षितिजाने आदल्याच दिवशी नवं लावलं होतं.

"माझ्याकडे तर मस्त उघडतंय!" लॅपटॉपवर तेच पान पुन्हापुन्हा बघत ती म्हणाली. "लोकांचे मोबाइलच खराब आहेत."

"समद्यांचे?" मी विचारलं.

मी सुकट निवडत होते. माझा मोबाइल घेतला आणि साइट उघडली. चांगली दिसली. बंद केली. बॅटरी टिकावी म्हणून मी दर वेळी सगळं बंदच करून टाकते. परत उघडली, चांगली. तिसऱ्यांदा लाल. मी सावकाश वाचते, पण सगळं वाचते. मुदत परवाच संपलेली. मग दर खेपेला सुकटीतला एक जवळा बाजूला मांडला. लाल आलं की आडवा. बारा जवळ्यांत चार आडवे.

"क्षिते, दर तिसरी खेप लाल हाय."

"काहीही काय आजी! असं शिस्तीत बिघडतं का कुठे?"

"आमचं बिघडलेलं. केबिन रोडच्या बाजारात आम्ही तिघी जावा एका जागेवर मासळी विकायचो. भांडण नको म्हणून पहिलं गिऱ्हाईक माजं, दुसरं आशाचं, तिसरं गिरिजाचं. एकदा ताजी मासळी आली. आम्ही दोघींनी टोपल्या बदलल्या, गिरिजा कालचीच घेऊन बसली. दर तिसरं गिऱ्हाईक नाक धरून परत. आन् आम्ही म्हणायचो, लोकच खोटारडे हायत!"

क्षितिजा लॅपटॉपकडे वळली. "दारावर तीनच पॉड आहेत गं!"

पॉड म्हणजे, ती म्हणाली, साइटच्या दारातले एकसारखे राखणदार. येणाऱ्यांना आळीपाळीने तेच आत घेतात आणि ओळखपत्रही तेच दाखवतात. तिने लॅपटॉपवरची साइट एकदाही बंद केली नव्हती, त्यामुळे सकाळपासून ती एकाच राखणदाराशी बोलत होती. आता तिने तिघांनाही वेगवेगळं तपासलं. दोघांनी नवं सर्टिफिकेट उचललं होतं. तिसरा चाळीस दिवस न थांबता चालू, त्यामुळे हातात जुनंच.

"हीच तुझी गिरिजा!" म्हणत तिने तो बंद केला. त्याच्या जागी नवा उभा राहिला. मी आणखी बारा वेळा साइट उघडली. एकही जवळा आडवा झाला नाही.

बाराला दहा कमी असताना तिने साहेबांना फोन लावला.

"सापडलं कसं?" त्यांनी विचारलं.

"आजीने गिऱ्हाइकं मोजली, सर."

साहेब हसले. "बरं. तू कायम. आणि दर रविवारी साइट तूच सांभाळायची."

फोन ठेवून क्षितिजाने कपाळावर हात मारला. "रविवार गेला माझा!"

"मंग?" मी म्हटलं. "कायम म्हणजे रविवार धरूनच असतं, बाय."