आधी भावाला फोडलं

मी एक जुना खडकाचा तुकडा आहे. काळा, लांबट गोल, काकडीएवढा. २००३ साली शिनोलीच्या वरच्या डोंगरात, एका वाडीच्या झऱ्याखालून ड्रिल मशीननं मला बाहेर काढलं. त्याच भोकातून माझा भाऊही निघाला.

आम्हांला नेलं स्नेहलताईंनी. त्या घोडेगावच्या, पुण्यात खडकांचा अभ्यास करायच्या. वाडीला उन्हाळ्यात पाणी पुरत नसे, म्हणून सुरुंग लावून झरा मोठा करायचं घाटत होतं. वाडीतल्या बायडाबाईंनी ताईंना विचारलं होतं, "पोरी, खडक फुटल्याव पानी वाढंल का पळंल? एवढंच सांग."

प्रयोगशाळेत भावाला रबरी बाही चढवून यंत्रात उभं केलं. वरून दाब, खालून पाणी. आणि मी? पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवलं! मित्रांनो, माझा नुसता जळफळाट झाला. एकाच डोंगराचे आम्ही, मग मान त्यालाच का?

दाब वाढला तसं आधी पाणी कमी झालं. त्याच्या अंगातल्या बारीक फटी मिटत होत्या. मला बरं वाटलं. पण मग नव्या चिरा पडल्या, एकमेकींना मिळाल्या, आणि तो फुटायच्या बेताला आला तेव्हा पाणी वीसपट वाहू लागलं. "शाब्बास रे गड्या!" ताई ओरडल्या. मला आजवर कुणी गड्या म्हटलं नव्हतं.

भाऊ काचेच्या कपाटात गेला. त्याच्या आकड्यांवरून ताईंनी कॉम्प्युटरवर झऱ्याखालच्या सगळ्या खडकाचं मॉडेल केलं. खडकाला चिरा पडल्या की पाणी झऱ्यात न येता त्यांतून खालीच निसटेल, असं त्यात दिसलं. मी वर्षभर कागद दाबत जळत राहिलो.

एक दिवस बायडाबाईंचा मुलगा भागू धापा टाकत आला.

"ताई, सुरुंगवाला सोमवारी येतोय. तुमी म्हनता, खडक तडकला का पानी खाली कड्याला पळंल. पन मान्सं म्हनत्यात, एका दगडाव कसा इस्वास ठिवायचा?"

"बरोबर आहे त्यांचं," ताई म्हणाल्या. "ज्याच्यावरून मॉडेल केलं, त्याचीच साक्ष कशी चालेल?"

त्यांची नजर माझ्यावर आली.

फुटताना माझ्यातून किती पाणी निघेल, हा मॉडेलचा अंदाज त्यांनी आधीच कागदावर लिहिला, घडी घालून भागूच्या हातात दिला. मग मला यंत्रात चढवलं. माझ्या मनात वाईट विचार आला. मी वेगळाच फुटलो, तर भावाचं नाव जाईल! पण दगडाला खोटं फुटता येत नाही. दाब वाढला, अंगभर चिरा गेल्या, पाणी धो धो निघालं. भागूनं घडी उघडली. आकडा जवळपास तोच होता.

सुरुंग रद्द झाला. वाडीनं झऱ्यापुढं टाकी बांधली. वाहून जाणारं पाणी तिच्यात साठू लागलं. ताई मला कपाटात ठेवणार, तोच भागू म्हणाला, "ह्यो आमच्या डोंगराचा हाये. आमी न्हेतो."

आता मी तारेनं बांधून वाडीच्या शाळेत ठेवलेला आहे. भावाला काच आहे, मला नाही, हे अजून सलतं. तरी तुम्हांला एक मागणं आहे, मित्रांनो. डोंगर फोडायच्या आधी त्याचा एक तुकडा तपासून घ्या. माझ्यासारखा फुटला तर तारेनं बांधता येतो. डोंगर तडकला, तर कुठली तार आणाल?