तिरकं करून आत आणलेलं कपाट

मी बोलतोय, पण आधी तुमच्या खिशात मोजायची टेप नाही ना, ते दाखवा. नाही? बरं, मग बसा. मी तीन दारांचं लाकडी कपाट आहे. माणसापेक्षा वीतभर उंच, आणि कुणी दोन्ही हात पसरून पुढे उभं राहिलं तर जेमतेम झाकला जाईन एवढा रुंद. टेप घेऊन आलेला माणूस कधीच नुसता मोजून जात नाही, हा माझा अनुभव. आधी तो "हं" म्हणतो, मग कागदावर काहीतरी खरडतो आणि शेवटी कुणाच्या तरी मुळावर उठतो.

माझा जन्मही टेपेपासूनच सुरू झाला. माझे मालक नकाशे काढायचे. एका कचेरीत टेबलावर वाकून ते दिवसभर लोकांच्या घरांची दारं, खिडक्या, जिने कागदावर बसवायचे. नवं लग्न, दुसऱ्या मजल्यावरचं छोटं घर, आणि "कपाट मोठंच हवं" हा मालकीणबाईंचा हट्ट. मालकांनी स्वतः मापं घेतली, माझं चित्र काढलं आणि सुताराला बजावलं, "यात सूतभरही इकडचं तिकडे करू नका." सुतारानं केलं नाही, आणि तिथेच घोळ झाला.

मालकांनी खोली मोजली होती, भिंत मोजली होती, दारसुद्धा मोजलं होतं. दाराबाहेरचा बोळ तेवढा राहिला. त्या घरात शिरलं की दोन हात रुंदीचा बोळ लागायचा, आणि तो जिथे संपायचा तिथेच काटकोनात वळून झोपायच्या खोलीचं दार. चार माणसांनी मला जिन्यानं वर चढवलं, बोळात घातलं आणि वळणावर मी जो अडकलो तो अडकलोच. उभा केला, आडवा केला, डोक्यावर केला. काही उपयोग नाही.

सुतारानं घाम पुसत विचारलं, "साहेब, हे वळण कुणी मोजलं होतं?"

साहेबांनी टेप हळूच खिशात सरकवली.

शेवटी सुतारानं मला मागे ओढलं, सगळे सांधे सोडवले, फळ्या करून आत नेलं आणि खोलीतच आठ लाकडी खुंट्या ठोकून पुन्हा उभं केलं. खुंट्यांची डोकी घासून वर असं पॉलिश मारलं की माझं मलाच कळेना कुठे काय आहे. जाताना तो मालकांना हळूच म्हणाला, "आठ खुंट्या काढल्या की सुटतं हे. ध्यानात ठेवा."

संध्याकाळी मालकीणबाई कामावरून आल्या आणि मला बघून हरखल्या. "अगंबाई! एवढं धूड या वळणातून आलं कसं?"

लोकांच्या घरांचे नकाशे काढणारा तो माणूस छाती पुढे काढून म्हणाला, "तिरकं करून. डोकं लागतं त्याला."

त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर विश्वास नाही.

ती थाप त्या घरात चांगलीच रुजली. पाहुणे आले की मला दाखवायचे आणि मालक हातवारे करून सांगायचे, डावा कोपरा कसा आधी घेतला, मग पाठ कशी उचलली. दर वर्षी त्यात एकदोन हालचालींची भर पडायची. मुलगी झाली, ती बोलायला लागली, आणि तीही मैत्रिणींना सांगू लागली, "आमच्या बाबांनी हे तिरकं करून आणलंय!" मी गप्प. कपाटाला काय, दारं असतात, तोंड नसतं.

माणसांविषयी माझं मत काही चांगलं नाही. आरशासमोर हसणारी माणसं माझं दार उघडून आत डोकं घालतात तेव्हा वेगळीच असतात. कोण घडी विस्कटून वरवर नीट करतं, कोण दुसऱ्याची भेटवस्तू आवडली म्हणून सांगतं आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात ढकलतं, सगळं मला माहीत आहे. म्हणून मालकीणबाई गेल्यावर मालक रोज सकाळी माझ्या मधल्या दारासमोर उभे राहायला लागले, तेव्हा मला संशयच आला. दार उघडायचे, तिची शाल आणि चष्म्याचं घर जागेवर आहे ते बघायचे, काही न घेता दार लावायचे. सहा वर्षं हे चाललं. हा माणूस काय लपवतोय, याचा मी पुष्कळ विचार केला. काहीच लपवत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

मग एके दिवशी सकाळी ते न्हाणीघरात घसरून पडले. मला आवाज आला. नंतर त्यांच्या हाका आल्या, आधी मोठ्या, मग बारीक. चार पाय असून मी जागचा हललो नाही, याची लाज मला अजून वाटते. दुपारी शेजारणीनं दार वाजवलं तेव्हा कुठे ते बाहेर निघाले. मोडलं काही नव्हतं, पण पंचेचाळीस वर्षांची छकुली त्याच संध्याकाळी धावत आली आणि म्हणाली, "बाबा, बस झालं. आता तुम्ही माझ्याकडे राहायचं. तळमजला आहे, खोली रिकामी आहे."

छकुली म्हणजे ती मुलगीच. घरात तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही.

मालक म्हणाले, "कपाट येईल तर मी येईन."

"येईल की! आत आलं तसंच बाहेर जाईल. कसं तिरकं केलं होतंत?"

"आता विसरलो बुवा," मालक म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

मला त्यांची चाल लगेच कळली. मी कधीच अखंड निघणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लेकीच्या घरी जाऊन कोपऱ्यात बसायचं नाही, जावयाच्या पाया-पायात यायचं नाही, आणि तसं तोंडानं म्हणायचंही नाही. म्हणून मला पुढे केलं होतं. खरं सांगतो, मला रागही आला आणि बरंही वाटलं. मलाही फळ्या व्हायचं नव्हतं. एकदा सुटलेलं पुन्हा जुळेलच, याची हमी कोण देतो?

मग सुरू झाल्या छकुलीच्या फेऱ्या. दर रविवारी टेप. बोळ मोजला, वळण मोजलं, मला तर उभं, आडवं, कर्णात मोजलं. कागदाचा छोटा मी करून कागदाच्या बोळात फिरवून बघितला. जावई एकदा माझ्या पाठीवर बोटानं टकटक करून गेला. लाकूड कसं आहे ते बघत होता, दुसरं काय! हिला माझं फडताळ करायचंय आणि याला माझ्या फळ्या हव्यात, अशी माझी खात्री झाली. आणि मालक? ते खुर्चीत बसून दोघांना सल्ले द्यायचे. "थोडं आणखी तिरकं धरून बघा कागद."

दोन महिन्यांनी सामान हलवणारी माणसं आली. मला रिकामं केलं, दोरखंड बांधले. त्यांचा मुकादम माझ्याकडे असा बघत होता की करवत कुठून लावावी हेच तो ठरवत असावा. मला उचलून त्यांनी दारात घातलं, अर्धा बोळात आलो, आणि वळणावर मी अडकलो. पहिल्यांदा अडकलो होतो तिथेच. भिंतीचा गिलावा पडला, मुकादमाचा एक माणूस कळवळून बोट चोखत बसला. आता गंमत अशी झाली की मालक खोलीत कोंडले गेले, छकुली बोळात, आणि मधे मी. माझ्या वर जी फट राहिली होती तिच्यातून दोघं बोलायला लागली.

"बाबा, आठवा ना जरा! पाठ आधी की बाजू आधी?"

"बाजू. नाही, पाठ. आता वय झालं गं."

मुकादम वैतागला. "ताई, असं नाही निघत हे. मधून कापू का?"

आला माझा शेवट, मी म्हटलं. आता ही 'हो' म्हणणार.

"हात लावायचा नाही!" छकुली अशी ओरडली की मीसुद्धा दचकलो. "बाबा नुसतं निमित्तच शोधतायत, कापलं तर यायचेच नाहीत. अख्खंच न्यायचं."

"अहो, तुमच्या घरची चौकट तर फोडून ठेवलीत तुम्ही. इथलीही फोडा मग."

"इथली फोडून वळण कुठे जाणार आहे?"

माझ्या मागून मालकांचा आवाज आला. "कुठली चौकट?"

"माझ्याकडे तुमच्यासाठी ठेवलेल्या खोलीची, दुसरी कुठली?" छकुलीचा आवाज आता फुटायला लागला होता. "मापं घेतली तर हे त्या दारातून आत जाईना, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी गवंडी बोलावला. दार काढलं, चौकट काढली, भिंतीचा तुकडा काढला. पडदा लावून राहतोय आम्ही. घरभर सिमेंटची धूळ आहे. आणि तुम्हाला साधं आठवत नाही तिरकं कसं केलं ते! तुम्ही त्या दिवशी न्हाणीघरात पडून होतात बाबा, मी रोज फोन वाजला की घाबरते. रोज."

ती बोळातच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मुकादमानं दुसरीकडे तोंड केलं.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मालक म्हणाले, "छकुले, हत्यारांच्या पेटीत लाकडी हातोडी आहे. ती वरून दे."

"कशाला?"

"हे तिरकं करून आलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"वळण मोजायचं मी विसरलो होतो. मी! रोज घरांचे नकाशे काढणारा. तुझ्या आईला कसं सांगणार? फळ्या करून आणलं हे. आठ खुंट्या आहेत. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

मग छकुली रडता रडता म्हणाली, "दोन महिने! दोन महिने मी कागदाची कपाटं कापतेय, बाबा!"

"बघत होतो ना. चांगली कापलीस."

यावर तिला हसू आलं की राग, ते मला फटीतून दिसलं नाही. हातोडी मात्र वरून आत आली. मालकांनी नखानं पॉलिश खरवडलं, पहिली खुंटी सापडली, आणि एक ठोका पडला. मी घाबरलो होतो, कबूल करतो. पण त्यांचा दुसरा हात पूर्ण वेळ माझ्या पाठीवर होता.

आता मी छकुलीच्या घरी आहे. डावं दार थोडं कुरकुरतं, बाकी ठणठणीत. मालक आणि जावई या दोघांनी मला भांडत भांडत जोडलं. तो बोटानं टकटक करणारा जावई माझ्या आतल्या फळीवर रोज सकाळी न सांगता मालकांचा धुतलेला पंचा ठेवून जातो. त्याचाही काही डाव असेल म्हणून मी लक्ष ठेवून आहे, अजून सापडलेला नाही.

गेल्या आठवड्यात गवंड्यानं खोलीला नवी चौकट बसवली. तो गेल्यावर मालकांनी छकुलीला हाक मारली. "इकडे ये. खुंट्या कुठे आहेत ते दाखवून ठेवतो. मी नसताना हे हलवायचं झालं तर तुला कळायला हवं."

ती दारातच थांबली. "मला नका दाखवू."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे."

"मला माहीतच नको, बाबा," ती म्हणाली आणि चहा ठेवायला निघून गेली.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे, की त्या आठ जागा तिला कुणी दाखवू नका. आम्हा दोघांना इथून कधी हलूच द्यायचं नाही असा तिचा बेत आहे, असा मला दाट संशय आहे. आजवरचे माझे संशय बहुतेक खोटेच निघाले. हा एक तरी खरा निघू दे.