खुल्या तारेचा परवाना

“थांबा,” परीक्षक म्हणाले. “परत चुकलात.”

कवळीवाल्यांनी बिनतारी यंत्राच्या खटक्यावरचा हात काढून घेतला आणि अपराध्यासारखी मान खाली घातली. दर वर्षी ते या परीक्षेला बसत, आणि दर वर्षी गटांगळी खाऊन घरी जात.

बिनतारीचं वेड लागलेल्या हौशी मंडळींना सरकारनं काही वर्षांपूर्वी वेसण घातली होती. पूर्वी कोणीही उठावं, छपरावर तार ताणावी आणि आकाशात वाटेल ते कट्टकड करत बसावं. आता परवाना लागे, तोही दोन तऱ्हेचा. बंद तारेचा परवाना अर्ज केला की मिळे. त्यात यंत्र चालवायला मुभा होती, पण छपरावरची तार त्याला जोडायची नाही; सगळी शक्ती टेबलावरच्या एका दिव्यात जिरवायची. म्हणजे तोंड हलवा, आवाज काढू नका. ज्याला खरोखर कोणाला हाक मारायची असेल त्याला खुल्या तारेचा परवाना हवा, आणि त्यासाठी ही परीक्षा होती.

कवळीवाले धंद्यानं दातांच्या कवळ्या बनवत. गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्याच दातांनी जेवत आणि हिरड्या दुखल्या की त्यांच्याच नावानं बोटं मोडत. असा नाजूक काम करणारा हात खटक्यावर मात्र अडखळे, याचं परीक्षकांना कोडं पडलं होतं.

“पुस्तकातला उतारा राहू द्या,” ते म्हणाले. “घरी सरावाला जे पाठवता ते पाठवा.”

कवळीवाल्यांनी खटक्यावर बोट ठेवलं मात्र, हात आपसूक धावू लागला. एका जहाजाचं नाव, मग ‘दादा, ऐकतोस का’, पुन्हा जहाजाचं नाव. कुठे अडखळणं नाही, कुठे घाई नाही. आपण काय करून बसलो हे लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

परीक्षकांनी चष्मा काढला. “मुद्दाम चुकत होतात तुम्ही?”

“हो.”

“लोक पास व्हायला लबाडी करतात. नापास व्हायला करणारा आजच पाहिला.”

मग कवळीवाल्यांनी सांगून टाकलं. थोरला भाऊ जहाजावर बिनतारी चालवणारा. वादळात जहाज गेलं. कंपनीनं ‘बेपत्ता’ असं कळवलं आणि वहिनींनी तो एकच शब्द धरून ठेवला. “त्या म्हणतात, हाक मारल्याशिवाय ते ओ कशी देतील? मी म्हणतो, तार खुली होऊ दे. तार बंद आहे तोवर त्यांच्यासाठी दादा आहे, साहेब. मला नापासच करा.”

परीक्षकांना वाईट वाटलं, पण ते वाटणं कुठे नोंदवायची सोय नव्हती. “मी हात तपासतो,” ते म्हणाले. “हात पास आहे. बाकीचं माझ्याकडे येत नाही.” आणि त्यांनी शिक्का मारला.

घरी जाताना कवळीवाल्यांनी परवाना कोटाच्या आतल्या खिशात घातला. ‘चुकलो’ एवढंच म्हणायचं होतं. त्याची जिभेला सवय होती.

वहिनींनी दार उघडलं आणि त्यांना बोलूच दिलं नाही. “चुकलात ना? असू दे, हातपाय धुऊन घ्या. शाळेच्या मोठ्या बाई परत आल्या होत्या. मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीला तुम्ही याच, म्हणतात, राहायला खोलीही देतायत.”

“मग?”

“मग काय? नाही म्हटलं. तार उघडेपर्यंत मला घर कसं सोडता येईल, भाऊजी?”

कवळीवाले उंबऱ्यातच उभे राहिले. आपण वहिनींना सांभाळतोय अशी त्यांची समजूत होती. आपण त्यांना कोंडून ठेवलंय हे त्यांना आत्ता दिसलं, आणि स्वतःची लाज वाटली.

“वहिनी,” ते म्हणाले, “पास झालो.”

दिवेलागणीला त्यांनी दिव्याच्या जागी छपरावरची तार जोडली. वहिनी शेजारी खुर्ची ओढून बसल्या. परवान्यात घरगुती निरोपांना सक्त मनाई होती. कवळीवाल्यांनी ती वाचली होती. त्यांनी जहाजाला हाक मारली. थांबले. कानावरच्या ऐकणीत नुसती खरखर होती. पुन्हा हाक मारली, पुन्हा थांबले.

एकाएकी कट्टकड सुरू झाली. वहिनी अर्धवट उठल्या. “आले?”

कवळीवाले शेवटपर्यंत ऐकत राहिले. “दुसरंच कोणीतरी आहे. पलीकडच्या किनाऱ्यावरचं. म्हणतात, त्या नावाचं जहाज आता नाही.”

“आपली हाक तिथवर पोचली?”

“पोचली. स्वच्छ ऐकू येतंय म्हणतात.”

वहिनी हळूहळू खाली बसल्या. कवळीवाल्यांनी आणखी एकदा हाक मारली, कारण त्यांच्यानं थांबवेना. त्या रडतील असं त्यांना वाटलं होतं. डोळे भरले ते स्वतःचेच.

“पुरे आता, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “त्या बिचाऱ्यांचे आभार माना आणि बंद करा.”

त्या आत गेल्या. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दादाचा लोकरी कोट होता. तो त्यांनी झटकला आणि पुढे केला.

“उभे राहा बघू.”

कवळीवाल्यांनी कोट घातला. दादा त्यांच्याहून उंच होता. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या. वहिनींनी एक बाही मनगटाशी दुमडली, अंतराचा अंदाज घेतला आणि तोंडातली टाचणी काढून तिथं टोचली.

“हात सरळ ठेवा,” त्या म्हणाल्या. “वसतिगृहावर जायच्या आधी शिवून देते.”