रिकाम्या इमारतीची वीज

चतुर्थीत कोकणातल्या कुठल्याही कचेरीत माणूस शोधून सापडत नाही. सड्यावरचा कॅम्पसही तसाच ओस पडला. मुलींचं हॉस्टेल रिकामं झालं, कॅन्टीनला कुलूप लागलं, फाटकावरचा पहारेकरीसुद्धा आरतीपुरता म्हणून घरी गेला तो परतलाच नाही. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या त्या सड्यावर, उघड्या कातळी पठारावर, विद्यापीठाच्या समुद्रविज्ञान केंद्राच्या इमारती पावसात नुसत्या उभ्या होत्या.

नम्रता वालावलला माहेरी आली होती. ती केंद्रात भौतिकशास्त्र शिकवायची आणि गेली दोन वर्षं कॅम्पसची वीजबचत तिच्याकडे होती. तिने सगळीकडे एलईडी बसवून घेतले, छपरं पांढरी करवली, माणूस खोलीबाहेर गेला की दिवे आपोआप बंद होतील अशी सोय केली. प्रत्येक इमारतीला वेगळा मीटर लावला आणि त्या मीटरांचे आकडे तिच्या फोनवर दिसू लागले. कॅम्पसचा वीजवापर जवळजवळ निम्म्यावर आला. संचालक जितेंद्र सामंत तिच्यावर खूश होते. सुटी संपता संपता मुंबईहून एक समिती येणार होती आणि ती राजी झाली की हा कॅम्पस राज्यातला नमुना म्हणून जाहीर होणार होता.

दुपारच्या जेवणानंतर गणपतीपुढे, वर टांगलेल्या फळापानांच्या माटवीखाली बसून नम्रताने सहज फोन उघडला. सगळ्या इमारती शून्याजवळ होत्या. फक्त जुनी प्रयोगशाळा सोडून. तिथे कोणीच काम करत नव्हतं, यंत्रं केव्हाच नव्या इमारतीत हलवली होती. तरी तिथे वीज जात होती, आणि थोडीथोडकी नव्हे. चारपाच गिझर एकदम लावून ठेवल्यासारखी. पाऊस जोराचा आला की आकडा वर चढायचा आणि उघडीप पडली की खाली यायचा.

तिचा धाकटा भाऊ गुरुप्रसाद ओटीवर समयांच्या वाती सारख्या करत होता. तो कॅम्पसचाच वायरमन. ही नोकरी त्याला नम्रताच्या शब्दावर मिळाली होती.

"गुरू, जुन्या लॅबात काय चालू रवला हा?"

"काय नाय गो ताय. मीटर बिघडलो आसतलो."

"पाऊस इलो की मीटर बिघडता आणि उघडलो की बरो होता?"

गुरूने मान वर केली नाही. "सणाच्या दिवसांत कित्याक डोक्यात घेतंस? मी बघतंय मागसून."

त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. नम्रताला ते खटकलं, पण घरात पाहुणे होते आणि आरतीची वेळ झाली होती.

गौरी-गणपती पोचवून झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटर काढून एकटीच कॅम्पसवर गेली. पाऊस थांबला होता, पण आभाळ काळं होतं आणि सड्यावर ठिकठिकाणी पाणी साचलं होतं. प्रयोगशाळेत शिरून तिने खोली न् खोली पाहिली. एक दिवा चालू नव्हता, एक पंखा फिरत नव्हता. तिने इमारतीचा मुख्य स्विच पाडला आणि फोनकडे पाहिलं. आकडा तसूभरही हलला नाही.

मीटर वीजघरात होता आणि वीजघर पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे वीज तिथून निघत होती आणि इमारतीपर्यंत पोचण्याआधीच कुठेतरी जात होती. मधे फक्त गवत होतं, आणि गवताखाली केबल.

ती गवताच्या कडेने चालू लागली. हा कातळ फोडायला कठीण, म्हणून केबलसाठी चर खणताना ठेकेदाराने वीतभरच खोदला होता आणि वर माती लोटली होती, हे तिला ऐकून माहीत होतं. वाटेच्या मध्यावर तिला बेडूक दिसले. पाय ताणून उताणे पडलेले. आधी एक, मग पुढे आणखी, मग एका डबक्याच्या काठाने कितीतरी. कावळ्यांनी त्यांना चोच लावली नव्हती.

"बाय गो, थंयसर जाव नको!"

कॅन्टीन चालवणारी सुभद्राकाकी पायवाटेवर उभी होती. तिचं घर सड्याच्या उतारावर होतं आणि तिची गाय सुटीत इथे चरायला यायची.

"माझी गाय चार दिस झाले ह्या गवतात पाय घालूक नाय," सुभद्रा म्हणाली. "हयसर येता आणि खुट्टासारी उबी रवता. मी म्हटलंय जनावर लागला आसात. पण जनावर तरी किती दिस एका जाग्यार बसतला?"

साप बसला असेल ही तिची शंका नम्रताला त्या क्षणी बरी वाटली. कारण तेवढ्यात तिच्या ओल्या चपलेतून तळपायाला बारीक मुंग्या आल्या. तिने पुढचं पाऊल उचललंच नाही. दोन्ही पाय जुळवून ती हळूहळू, जमिनीवरून घसटत मागे आली. पायवाटेच्या कोरड्या चिऱ्यावर पोचल्यावरच ती थांबली.

तिने वीजघर उघडलं. जमिनीत वीज झिरपू लागली की आपणहून पडणारा एक स्विच प्रत्येक लाइनीवर असतो. प्रयोगशाळेच्या लाइनीवरही तो होता, पण त्याला वळसा घालून एक जाड तांबडी तार जोडलेली होती. आता जमीन कितीही वीज पिवो, तो स्विच पडणार नव्हता. तारेच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती आणि शेवटी तिचा कोपरा आत दुमडलेला. घरातल्या रेडिओची, मिक्सरची, आईच्या गणपतीपुढच्या माळेची टेप अशीच दुमडलेली असायची.

नम्रताने ती लाइन तोडली, त्यावर "चालू करू नये" असा कागद चिकटवला आणि जितेंद्र सरांना फोन लावला.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते कधीच आवाज चढवत नसत. "मॅडम, तुम्ही लक्षात आणून दिलंत हे फार चांगलं केलंत. पण सुटीत बंद ठेवले असले तरी हवामानाची यंत्रं आणि पाण्याचा पंप त्याच लाइनीवर आहेत. उद्या समिती येतेय. त्यांना बंद पडलेला कॅम्पस दाखवायचा का?"

"सर, माणूस मरेल."

"मरेल असं कशाला म्हणता? तिथून कोणी चालत नाही. दोरी बांधून घेऊ. समिती गेली की खणायला सुरुवात करू, माझा शब्द."

"मी लाइन चालू करणार नाही."

"तुम्ही नका करू," ते तितक्याच मऊ आवाजात म्हणाले.

त्या वाक्याचा अर्थ तिला घरी येईपर्यंत नीट कळला नाही. कळला तेव्हा तिने गुरूला फोन लावला. तो बंद होता. त्याची बायको म्हणाली, साहेबांचा फोन आला आणि हे कॅम्पसवरच राहायला गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेच धो धो पावसात. नम्रता भिजत सड्यावर पोचली तेव्हा फाटकाला झेंडूचं तोरण लागलं होतं आणि सुटीवरून परतलेल्या मुली रिक्षांतून बॅगा उतरवत होत्या. ती धावतच पटांगणाकडे वळली. गवताच्या या बाजूला लोखंडी सळ्या रोवून पिवळी दोरी बांधलेली होती. पलीकडची बाजू अर्धीच झाली होती. दोरीचं मोकळं टोक पाण्यात पडलं होतं, आणि त्याच्या शेजारी गुरू पडला होता. एका कुशीवर, हातात सळी, डोळे उघडे.

पायवाटेवरून सुभद्राकाकी त्याच्याकडे पळत निघाली होती.

"काकी, थांब! हात लाव नको तेका!" नम्रता ओरडली. सुभद्रा थांबेना, तेव्हा तिने तिला कमरेला धरून मागे खेचलं. "थंय पाय घातलंस तर तू पण पडतलंस. कोणाक सोडू नको थंय!"

गुरू तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होता. त्याचे ओठ हलत होते. लहानपणी तापात पडला की तो असाच बघायचा, बोलता न येता. तिचं सगळं अंग त्याच्याकडे ओढ घेत होतं. आणि ती वळली. भावाकडे पाठ करून ती वीजघराकडे धावत सुटली.

तिने चिकटवलेला कागद जमिनीवर पडला होता. तिने सगळ्या कॅम्पसचा मुख्य खटका खाली ओढला. कुठेतरी लागलेलं स्वागताचं गाणं अर्ध्यावर बंद पडलं.

ती परत पोचली तेव्हा गुरूचा श्वास चालत नव्हता. तिने त्याला उताणा केला आणि छातीवर दाब देत राहिली. पाऊस तोंडावर मारत होता, सुभद्रा मोठमोठ्याने देवाला हाका मारत होती. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग गुरूच्या घशातून घरघर आली आणि तो खोकला.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, जगेल. उजव्या हाताचं मात्र आत्ताच काही सांगता येत नाही. नम्रता त्याच्या खाटेशेजारी बसली. ओले कपडे अंगावरच वाळत आले होते. गुरूने डोळे उघडले तसं तिने पहिल्यांदा तेच विचारलं, जे गाडीत बसल्यापासून तिच्या डोक्यात होतं.

"ती तार आणखी खंय लावलंस?"

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"गुरू, खंय?"

"पावसात सारखो पडायचो तो स्विच," तो कसाबसा म्हणाला. "साहेब म्हणायचे, जमव काय तां. पोरींच्या हॉस्टेलात... गिझराच्या लाइनीर."

नम्रता ताडकन उठली. हॉस्टेलच्या वॉर्डन नर्मदाबाईंचा फोन बराच वेळ वाजत राहिला.

"बाई, कॅम्पसची वीज बंद आहे ना अजून?"

"नाही हो, आत्ताच आली. सरांनी बाहेरून वायरमन बोलावला. जुनी लॅब तेवढी सोडली आणि बाकी सगळं चालू केलं. मुली कधीच्या ताटकळल्या होत्या गरम पाण्यासाठी..."

"खाली जाऊन हॉस्टेलचा मेन बंद करा. आधी बंद करा, मग सगळ्यांना नळापासून लांब व्हायला सांगा. फोन ठेवू नका!"

जिन्यावरून उतरणाऱ्या चपला ऐकू आल्या. बादल्यांचा आवाज, मुलींचं हसणं, एकीने घेतलेली तान. मग एक किंकाळी. ती लांबली नाही, मधेच कापल्यासारखी थांबली. "बाई! बाई!" नम्रता फोनमध्ये ओरडली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून तिच्याकडे बघत राहिली.

बऱ्याच वेळाने नर्मदाबाई बोलल्या. घाबरून त्यांची कचेरीतली मराठी सुटली होती. "बंद केलंय. तेजस्वीचो हात नळाक चिकटलो होतो. सुटलो आता. बोलता हा... रडता हा. जित्ती आसा."

समिती त्या दिवशी फाटकावरूनच परत गेली. पुढे चौकशी झाली, चर उकरले गेले. वीतभर मातीखालची प्रयोगशाळेची केबल जागोजागी फाटलेली निघाली, आणि बाकी सगळ्याच इमारतींची फाटायला आलेली. जितेंद्र सामंत आधी लांबच्या रजेवर गेले आणि मग त्यांची बदली झाली, तिथेही कोणत्यातरी कॅम्पसवरच. नम्रताला चौकशीत विचारलं गेलं की दोन वर्षं सगळ्या इमारती तुमच्या हाताखालून गेल्या, मग तुम्ही ते बोर्ड उघडून कसे पाहिले नाहीत? ती म्हणाली, मी दिवे आणि पंखे मोजत होते.

गुरूच्या उजव्या हाताची दोन बोटं मेली ती मेलीच. त्याची नोकरी गेली. तो वालावलला घरीच असतो आणि घरातला दिवाही दुसऱ्याकडून लावून घेतो.

दिवाळीच्या आधी नम्रता त्याला भेटायला गेली. दोघं ओटीवर बसली. आईने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. गुरू डाव्या हाताने कप धरायला शिकला होता.

"ताय, एक इचारू?"

"इचार."

"माका सगळा दिसत होता तेव्हा. अंग हलत नव्हता, पण दिसत होता. तू इलंस, माझ्याकडे बघलंस, आणि पाठ फिरवून धावलंस."

"वीज बंद करूक, गुरू."

"तां आता कळता माका." त्याने कप खाली ठेवला. "पण तेव्हा माका वाटला, तुका ती तार गावली, आणि म्हणान तू माका सोडून गेलंस."

नम्रताने त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला. मेलेली बोटं गार होती. तिने ती दाबली. त्याला ते कळलं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून तिला समजेना.